शेंदूर भरलेला दगड

मामंजी, मला अक्षरं तुम्ही गिरवायला शिकवलीत, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली.

अकोल्यात तेव्हा कापसाचे दिवस होते. आगगाडी गाठी घेऊन मुंबईला जाई आणि परत येताना तुमच्या साहेबासाठी समुद्राच्या पाण्याची पिंपं आणि किनाऱ्यावरचे दगड आणी. काचेच्या हौदात त्याला समुद्रातले मासे पाळायचे होते. दगड तयार करायचं काम त्याने तुमच्यावर, आपल्या कारकुनावर टाकलं. अंगणात बसून तुम्ही भोकाभोकांतले मेलेले किडे दाभणाने काढता, काथ्याने घासता, पुन्हा खाऱ्या पाण्यात बुडवता, रोज सकाळी हुंगून बघता. साहेबाचा शिपाई दारातून हसतो, "कावून जी पंत, दगडाले आंघोळ घालून राहिले? आता जानवंबी घाला!" तुम्ही वर न बघता म्हणता, "घाण राहिली तं पाणी नासन, मासे मरतीन, अन् माही नोकरी जाईन. तुले हासू येते."

त्याच आठवड्यात बाळाला ताप भरला. वैद्याची मात्रा पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी त्याने अंगावर पिणंही सोडलं. घरातले, गावातले सगळे देव करून झाले होते. भर दुपारी त्याला कडेवर घेऊन मी अंगणात आले, तर समोर तो मोठा दगड, कुठून कुठे आलेला. मी तेलात शेंदूर कालवला आणि त्याच्या मागच्या खोल भोकात बोटाने भरला. म्हटलं, तू कोण आहेस मला ठाऊक नाही, पण माझं लेकरू राख.

संध्याकाळी ताप उतरला.

सकाळी तुम्ही म्हणालात, "सूनबाई, एवढा एक घासून दे, आज नेतो." मी तो बाहेरून लखलखीत घासला. भोकाला हात लावला नाही. वाहिलेला शेंदूर खरवडायचा कसा? आणि ताप परत आला तर? तुम्ही हुंगलंत, मान डोलावलीत.

हौदात दगड मांडून मासे सोडले, आणि तीन दिवसांत सगळे मरून वर आले. साहेबाने तुम्हाला चारचौघांत घालवून दिलं. आपण बार्शीटाकळीला आलो. जेवता जेवता तुमचा हात थांबतो, "सूनबाई, माह्या हातून काय राहून गेलं असन वं?" मी भाकरी वाढते. शेवटच्या दुखण्यातही तुम्ही तेच विचारलंत, आणि मी पाणी पाजलं.

मी चुकले, एवढंच लिहायला बसले होते. तीनदा लिहून खोडलं. तुमचा नातू हुबेहूब तुमच्यासारखा चालतो, मामंजी. तो दगड आज पुन्हा माझ्या हातात दिलात, तरी ते भोक मी घासणार नाही.