मुद्दा क्रमांक सात: फाटकांशी छेडछाड

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (साष्टांग घालण्याचीच वेळ आहे, पण घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात आणि घरात तुझी भावजय एकटीच आहे.) तुझ्या हाताचं प्लॅस्टर कधी निघणार? आत खाज सुटली तरी विणायची सुई घालू नकोस, मागच्या वेळी सुई आत राहिली होती. इकडे सगळं क्षेम आहे. माझा गुडघा, बाथरूमचा गळका नळ आणि तुझ्या भावजयीचं माझ्याविषयीचं मत, तिन्ही जसेच्या तसे आहेत.

आता मुद्द्यावर येतो. परवा फोनवर तू माझं कौतुक केलंस. मुलांच्या घराला परवानगी मिळाली, तुम्हा सहा आयांची तीन वर्षांची वणवण संपली, आणि सुनावणीत म्हणे तुझा भाऊ भर सभागृहात उभा राहून बोलला. एवढं सांगून तू रडायला लागलीस. मी म्हणालो, "अगं त्यात काय." तेवढंच म्हणालो आणि कौतुक खिशात घातलं. ते मला पचलेलं नाही, म्हणून हे पत्र. फोनवर मला खरं बोलता येत नाही हे तुला एव्हाना कळलंच असेल. तू बोलत असतेस, मी शब्दकोडं सोडवत असतो आणि मधूनमधून "हो" म्हणतो. लिहायला बसलो की मात्र माझा थोडाफार नाइलाज होतो.

तुला माहीत आहे, चौतीस वर्षं मी कचेरीत मसुदे लिहिले. साहेब आले, साहेब गेले, मसुदा माझाच. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. वसाहतीत कुणाच्या नळाला पाणी नसो की कुणाचं कुत्रं कुणाला चावलेलं असो, माणसं कोरे कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी कधी विचारत नाही की हे खरं आहे का. मी विचारतो, मुद्दे किती आहेत? (कुत्रं चावलेल्या माणसाचा अर्ज लिहून दिल्यावर आठवड्यानं कुत्रेवाल्याचाही मीच लिहिला होता. दोघांनाही न्याय मिळाला. कुत्र्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.)

तर दोन महिन्यांपूर्वी शेजारचे फौजदार आले. म्हणजे ते होते विमा कंपनीत, पण चालणं, मिशी आणि दुसऱ्याच्या घरात शिरून खुर्ची ओढून घेणं यावरून त्यांना सगळे फौजदारच म्हणतात. हातात नगरपालिकेची नोटीस. आमच्या मागच्या गल्लीच्या टोकाला तो पिवळा बंगला रिकामा आहे ना, त्याचा वापर बदलून तिथे संस्था करायची कुणीतरी परवानगी मागितली होती. राहत्या वस्तीत संस्था नको असेल तर तीस दिवसांत हरकती द्या, असं खाली बारीक अक्षरात होतं. फौजदार म्हणाले, तिथे डोक्यानं वेगळी अशी मोठी माणसं ठेवणार आहेत म्हणे, सहाजण, आणि त्यांना सांभाळणारे दोघं. तुमच्या लेखणीशिवाय हे थांबायचं नाही.

ताई, इथे "मला काही कल्पना नव्हती" असं वाक्य मी या पत्राच्या कच्च्या मसुद्यात चार वेळा लिहून पाहिलं. चांगलं बसत होतं. पण ते खोटं आहे. ते घर तुमचंच, एवढं मला ठाऊक नव्हतं (तू फोनवर दोनदा सांगितलं होतंस म्हणे, त्या दोन्ही दिवशी कोडं अवघड असणार). पण ते आपल्या भाचेरावांसारख्या माणसांसाठी आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि "फौजदार, माझा सख्खा भाचा तसाच आहे" हे सहा शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. कारण फौजदारांना मी पूर्वीच सांगून ठेवलं होतं की शनिवार-रविवार येतो तो माझा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. (वाचनालयात तो पुस्तकं जागच्या जागी लावतो आणि तिथे एक कॉम्प्युटर आहे, म्हणून हे अगदीच निराधार नव्हतं.) तो कानांवर हेडफोन लावून कुणाशी न बोलता फाटकातून बाहेर पडतो, तेव्हा फौजदार कौतुकानं म्हणायचे, मोठ्या हुद्द्यावरची माणसं अशीच असतात. मी मान डोलवायचो. आणि वर ते म्हणाले, तुमच्या लेखणीशिवाय. झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी कधीच लागली नाही.

नऊ मुद्द्यांचा अर्ज झाला. पहिला पार्किंगचा: नियमाप्रमाणे संस्थेला खोलीमागे एक गाडी उभी करायला जागा हवी, म्हणजे सहा गाड्यांची, आणि बंगल्याच्या आवारात दोनच राहतात. मग वर्दळ, आवाज, वस्तीचं स्वरूप वगैरे. सातवा मुद्दा मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन दिला. त्या म्हणाल्या, शनिवार-रविवारी संध्याकाळी एक अनोळखी माणूस आमच्या गल्लीतून जातो आणि सगळ्यांच्या फाटकांना हात लावतो. मी म्हटलं, "हात लावतो" हे अर्जात दुबळं दिसेल. मी "छेडछाड" घातलं. "एक अनोळखी इसम फाटकांशी छेडछाड करताना वारंवार आढळला आहे, संस्था येण्यापूर्वीच ही अवस्था, तर आल्यानंतर काय?" हे वाचून त्या बाई स्वतःच घाबरल्या. मला धन्य वाटलं. त्रेचाळीस सह्या झाल्या, त्यांतली पहिली माझी.

मग तू न्हाणीघरात घसरलीस, मनगट मोडून घेतलंस आणि मला फोन केलास की गुरुवारी अकरा वाजता नगरपालिकेत सुनावणी आहे, पालकांच्या बाजूनं माझ्या जागी तू जा. बोलू नकोस, नुसता बस, तेवढं तुला जमेल. तू पत्ता सांगितलास. पिवळा बंगला. त्या दिवशी पहिल्यांदा मी कोडं बाजूला ठेवलं. त्याच वेळी तुला सांगायला हवं होतं. पण तू म्हणालीस, माझ्यानंतर याचं काय, हा विचार तीन वर्षांत पहिल्यांदा या आठवड्यात रात्री आला नाही, झोप लागली. हे ऐकल्यावर मी काय सांगणार? मी "हो" म्हणालो.

सुनावणीच्या सभागृहात डावीकडे पालक, उजवीकडे आमची वसाहत, मध्ये वाट. डावीकडून तुमच्या चिटणीस बाईंनी खुर्चीवर पर्स ठेवून माझी जागा धरली होती, उजवीकडून फौजदारांनी रुमाल टाकून. दोघंही मला हात करत होते. मी दोघांनाही हात केला आणि पाठीमागे खांबाला टेकून असलेल्या खुर्चीवर बसलो. तिचा एक पाय आखूड होता. त्यामुळे मी तासभर कधी या बाजूला कललो, कधी त्या. माझ्या एकूण भूमिकेला ती खुर्ची शोभतच होती म्हणा.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई बारीक अंगाच्या, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज इतका हळू की सगळ्यांना गप्प बसावंच लागलं. पार्किंगपाशी त्यांनी विचारलं, सहापैकी गाडी किती जण चालवतात? एकही नाही. मग बंगल्यासमोर आत्ता ज्या दोन गाड्या उभ्या असतात त्या कुणाच्या? फौजदार खाली बसले. (त्यांच्याच. घरासमोर तिसरी.) असे एकेक मुद्दे गळत गेले आणि मला, खोटं कशाला सांगू, वाईट वाटत होतं. तुमचं घर व्हावं असं मनापासून वाटत होतं आणि माझा मुद्दा पडू नये असंही वाटत होतं. माणूस किती खालच्या पायरीचा असू शकतो याचा अंदाज मला त्या खुर्चीत आला.

मग सातवा मुद्दा. बाईंनी विचारलं, प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का? डॉक्टरीणबाई उठल्या. उंच माणूस, निळी टोपी, कानांवर हेडफोन, सव्वापाचला येतो. ज्यांचं फाटक उघडं असेल तिथे थांबतो, फाटक लावतो, कडी घालतो, दोनदा ओढून बघतो आणि पुढे जातो. अधिकारी बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "लावतो?" "हो, लावतो." "उघडत नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. लावतोच." त्यावर मागून कुणीतरी म्हणालं की तरीच हल्ली शनिवार-रविवारी बागेत कुत्री शिरत नाहीत. लोक हसले.

मी हसलो नाही. निळी टोपी मीच त्याला घेऊन दिलेली. आमच्या घरात कपाटं, डबे, फ्रिज, सगळं तो लावतो आणि दोनदा ओढून बघतो. तुझी भावजय म्हणते, या घरात जबाबदारीनं वागणारा तो एकच पुरुष आहे. आणि ताई, आता मुख्य गोष्ट. दर रविवारी रात्री तू फोनवर विचारायचीस, "फिरायला त्याच्याबरोबर गेलास ना?" आणि मी "हो" म्हणायचो. मी एकदाही गेलो नव्हतो. एकदा जरी गेलो असतो तरी तो मागच्या गल्लीत जातो आणि काय करतो हे मला कळलं असतं. मी पेपर तोंडावर घेऊन आडवा पडलेला असायचो. माझ्या भाच्याला अनोळखी इसम मीच केला, तोही सुवाच्य अक्षरात.

उठलो. त्याबरोबर खुर्ची दुसऱ्या बाजूला कलली. तोंडून आधी कचेरीच निघाली: "सदरहू इसम..." मग शब्दच संपले आणि मी म्हणालो, तो माझा भाचा आहे. माझ्या ताईचा मुलगा. या घरात राहायला येणार आहे तो सहातला एक. फौजदार वळून म्हणाले, "कॉम्प्युटरवाला?" मी म्हणालो, "हो. म्हणजे नाही. वाचनालयात आहे." अधिकारी बाईंनी विचारलं, तुम्ही नक्की कोणत्या बाजूनं? मी म्हटलं, पालकांच्या. तेव्हा त्यांनी हरकतीचा अर्ज उचलला, चष्म्याखालून पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "मसुदा फार छान लिहिलाय." आणि ताई, चौतीस वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "आभारी आहे."

त्यासरशी तुमच्या चिटणीस बाईंनी खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. फौजदारांनी रुमाल. या दोघांमध्ये तेवढं एक एकमत झालं. चिटणीस बाईंनी तुला हे सांगितलं नाही, त्या मोठ्या मनाच्या आहेत. किंवा त्यांना वाटलं असेल, तो स्वतःच सांगेल. मी पाच दिवस लावले.

परवानगी मिळाली, ती माझ्या भाषणामुळे नाही. एका दाराला कडी घालून ती लागली की नाही हे दोनदा बघणाऱ्या माणसाविरुद्ध हरकत कशी नोंदवायची, हे त्रेचाळीस जणांपैकी कुणालाच सुचलं नाही, म्हणून मिळाली. बाहेर जिन्यात डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, त्यांच्या फाटकाची कडी सैल आहे, दोनदा ओढली की हातात येईल. दुरुस्त होईपर्यंत त्याला एकदाच ओढायला सांगा. मी म्हणालो, कडीच लवकर दुरुस्त करा, ते सोपं पडेल.

हे सगळं वाचून तुला माझा राग येईल. यावा. लहानपणी तुझी शाईची दौत मी सांडली आणि आळ मांजरावर घातला, तेव्हा तू मांजराला नाही, मला धपाटा दिला होतास. तुझा अंदाज तेव्हाही बरोबर होता. माझा लोभ आहेच. तुझा उरला असेल तेवढा कळव.

तुझा,
धाकटा (वय अडुसष्ट, अक्कल यायची आहे)

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. परवानगीला एक अट आहे: घरासाठी जवळपास राहणारा एक जबाबदार माणूस हवा, काही लागलं-सवरलं तर धावून येईल असा. सभागृहात हे विचारलं तेव्हा कुणी हात वर केला नाही, मग मी केला. त्या फॉर्मवर पालकांच्या अध्यक्ष म्हणून तुझी सही लागते. सोबत जोडला आहे. मजकूर छापील आहे, माझा नाही, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही. डाव्या हाताची सही चालते, विचारून आलोय. पण करायचीच असं नाही. नीट विचार करून कर.

ता. क. दुसरा. हरकत मागे घेण्याचा अर्ज वसाहतीनं माझ्याकडूनच लिहून घेतला. सह्या एकेचाळीस झाल्या. फौजदारांची बाकी आहे, ते गाड्यांसाठी जागा शोधतायत. दुसरी माझी, इतक्यात सही करायला मला जरा लाज वाटते आहे.

ता. क. तिसरा. या रविवारी रडण्याच्या भरात तुझं विचारायचं राहून गेलं, तरी सांगतो: गेलो. दोन्ही गल्ल्या, पिवळ्या बंगल्यापर्यंत आणि परत. अकरा फाटकं उघडी होती. तो पुढे, मी मागे, बोलणं काही नाही. परतताना माझा गुडघा धरला आणि मी फार मागे पडलो. आमच्या फाटकाशी पोचलो तर तो आत जाऊन उभा होता आणि फाटक सताड उघडं. त्याला उघडं फाटक बघवत नाही, हे तुला मी सांगायला नको. एका हातानं ते धरून, दुसऱ्या हातानं टोपी खाली ओढून, डोळे घट्ट मिटून तो उभा होता. मी आत आलो. मग त्यानं लावलं, कडी घातली आणि दोनदा ओढून बघितलं.