भिंतीत उभे असलेले साहेब

१४ तारीख, मंगळवार

ती. ताईस,

नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीला कुलूप लावल्यावर अजूनही दोनदा ओढून बघतो, म्हणजे सगळं पूर्वीसारखंच आहे असं समज.

आधी कामाचं. तुझ्या शाखेतली संध्याकाळची वाचनखोली बंद करणार आहात का, आणि का, हे कालच्या बैठकीत विचारायला तू सांगितलं होतंस. मी विचारलं. तेव्हा त्यासाठी फोन करू नकोस, पत्रात सगळं लिहितोच आहे.

बैठक कसली, आमच्या आभासी ग्रंथालयाचं प्रात्यक्षिक. डोळ्यांवर जाडजूड चष्मा, कानांवर झाकणं, आणि माणूस खुर्चीत बसल्या बसल्या एका खोट्या इमारतीत हिंडतो. आत प्रत्येकाचा एक बाहुला असतो. हातातला खटका दाबला की बाहुला चालतो. ती इमारत मी बांधली. कपाटं, जिने, खिडकीबाहेरचा समुद्र, सगळं. पाट्यांवरचा शब्द न् शब्द पुन्हा पुन्हा तपासला, कारण नववीत शाळा सोडलेल्याची चूक ती चूक असते आणि पदवीवाल्याची चूक ती घाई असते.

व्यर्थ गेलं. पाट्या वाचायला तिथे होतं कोण? एकेक नग तू बघायला हवा होतास. हिशेबनीस चष्मा उलटा घालून "अरे, दिवे कुणी घालवले?" म्हणून ओरडत होते. उपग्रंथपालांना आम्ही पाठीमागे होयबा म्हणतो. त्यांनी चष्मा घालायच्या आधी मला बाजूला घेतलं.

"आत साहेबांचा बाहुला सगळ्यांत उंच आहे ना?"

"सगळे सारखेच आहेत, सर."

"मग कर की उंच! तुला काय सगळं सांगावं लागतं का?"

साहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. केला उंच. तोवर सगळी मंडळी चष्मे कपाळावर चढवून गुपचूप बसून राहिली. सूचीकार बाईंना तर पहिल्याच मिनिटाला गरगरलं. चष्मा काढून त्या कोपऱ्यात पाणी पीत बसल्या, आणि मी त्यांना विष घातल्यासारखं माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, बरं झालं, एक डोकं कमी.

मग साहेबांनी खटका दाबला तो सोडलाच नाही. त्यांचा बाहुला कपाटांवरून, टेबलांमधून आरपार चालत गेला आणि थेट भिंतीत शिरला. अर्धा आत, अर्धा बाहेर. आत गेलं की राखाडी रंगाशिवाय काही दिसत नाही. कुणीही म्हणालं असतं, बाबा रे, मी अडकलोय. साहेब म्हणाले, "वा! काय शांतता आहे. अभ्यासाला ही जागा उत्तम."

"साहेब, कुठं आहात आपण?" होयबांनी विचारलं.

"हा काय, आतल्या दालनात."

आतलं दालन मी बांधलेलंच नाही, ताई. भिंत आहे ती. पण होयबा म्हणाले, "आलोच साहेब," आणि त्यांनीही आपला बाहुला भिंतीत घातला. पाठोपाठ हिशेबनीस. "फारच हवेशीर आहे हो!" हवेशीर म्हणे. बाहेरून मला नुसत्या तीन पाठी दिसत होत्या. सगळ्यांना ओढून मधोमध आणायचं बटण माझ्याकडे होतं. बोट त्यावरच होतं. मी ते दाबलं नाही.

त्या भिंतीत उभं राहून साहेब म्हणाले, "असं दालन फुकट मिळत असताना त्या शाखेतल्या संध्याकाळच्या खोलीचे दिवे आपण कशाला जाळायचे?"

"अर्जवाल्या बाई ऐकायच्या नाहीत, साहेब," होयबा म्हणाले. "परत अर्ज पाठवतील."

"मग त्यांनाही इथंच पाठवा. अर्ज चिकटवायला भिंत मोठी आहे."

सगळे हसले. अर्जवाल्या बाई म्हणजे तू. इथे तुझं तेच नाव आहे.

मी तेव्हाच विचारलं. "ज्या मुलींना घरी पुस्तक उघडायला कोपरा नाही, त्यांनी संध्याकाळी जायचं कुठं? हे चष्मे त्यांना कोण देणार?" तू सांगितलं होतंस तसंच, एक शब्द न बदलता. आवाजही कापला नाही.

कापायचं कारणच नव्हतं. मी माझा माइक बंद केला होता. बंद झाल्याची खात्री करून घेतली होती. कुलपासारखी, दोनदा. त्यांच्या कानांवर झाकणं होती, त्यामुळे खोलीतलं बोलणं कुणापर्यंत पोचलं नाही. तुला "विचारलं" असं लिहिता यावं एवढ्यासाठी मी ते केलं, आणि वरती तसं लिहूनही बसलोय. ते खोडत नाही, राहू दे.

आणखी एक. ते हसले तेव्हा मीही हसलो. तेव्हा माइक चालू होता.

उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणून मी त्यांना इतकं बोललो. पण ते तिघे तरी न कळता भिंतीत गेले. मी कळून सवरून चौथा गेलो. माझी नेमणूक पक्की करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, आणि मी तुझा भाऊ आहे हे इथे कुणालाही ठाऊक नाही. लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुझी चेष्टा कानावर आली. म्हटलं, नंतर सांगू. ते नंतर आलंच नाही. ज्या खोलीत तू मला वेलांट्या गिरवायला लावल्यास, तिच्याबद्दल बोलायला मला रिकामी हवा लागते.

तरी एकीने ऐकलं. चष्मे निघाल्यावर सूचीकार बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"काय रे, सगळ्यांनी कान झाकल्यावर तुला वाचा फुटते होय?"

मी चष्मे पेटीत भरू लागलो.

"प्रश्न चांगला होता. गुरुवारी साहेब ती खोली बंद करण्याच्या कागदावर सही करणार आहेत. तोवर कान उघडे आहेत त्यांचे. मला गरगरतं तिथं, इथं नाही. मी असेन."

कालपासून मी ते वाक्य साहेबांच्या दारापर्यंत कितीदा तरी नेलं आणि परत आणलं. माझ्याच्याने एकट्याने होणार नाही. स्वतःची इतकी पारख मला आहे.

म्हणून गुरुवारी तू ये. सकाळी कचेरी उघडताच. अर्ज आणू नकोस, त्या मुलींपैकी कुणी येत असेल तर तिला आण. होयबा, हिशेबनीस, सगळे तेव्हा दाराशीच्या मोठ्या खोलीत चहाला जमलेले असतात. मी दारापर्यंत येईन आणि त्या सगळ्यांच्या देखत तुला "ताई" म्हणून हाक मारीन, मोठ्याने. एकदा ती हाक गेली की मला मागे फिरायला जागा उरत नाही. मग साहेबांच्या खोलीत आपण दोघं जाऊ आणि आधी मी बोलेन.

मी दारात दिसलो नाही, तर मात्र तूच मला हाक मार. नावाने, आणि माझं लहानपणीचं ते हसं होणारं नाव असलं तरी चालेल.

उत्तर पाठवू नकोस, ये.

गुरुवारपर्यंत नुसताच नोकर,
नंतर तुझा धाकटा