तारीख किंवा तिथी

धसई, बाजाराचा दिवस

प्रिय अण्णा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार. मी मजेत आहे. इथे नाचणीची भाकरी रोज मिळते, आईला म्हणावं, काळजी करू नको.

आम्ही घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासतो. दहा मिनिटांचे प्रश्न असतात. पहिलाच प्रश्न, आज तारीख काय? काल वेणूआजींना विचारलं, तर म्हणाल्या, "तारीख नाय ठाव गो. उद्या बाजार, परवा आवस. तू शिकलेली, तुला नाय म्हायीत?" मला खरंच माहीत नव्हतं. नियमाने त्यांना शून्य गुण द्यायचे होते. पण मोबाइलवर पंचांग पाहिलं, तर आवस, म्हणजे अमावास्या, बरोबर निघाली. आमच्या डॉक्टरीणबाई हसल्या. आता आम्ही तिथीलाही गुण देतो.

रविवारी फोनवर तुम्ही मला तीनदा विचारलंत, "जेवलीस का?" आई म्हणते, बापाची माया. असेलही. तरी या पत्राचं उत्तर तुम्हीच लिहा आणि वर तारीख घाला. आईला विचारायचं नाही.

तिथी घातलीत तरी पूर्ण गुण.

जेवून लिहायला बसलेली,
तुमची सुवर्णा