कोणत्या ओळीची नक्कल

नागपूर रोड नाका, अमरावती
२१ जून १९६५

प्रिय जाई,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या, दुसऱ्यात रडगाणं, आणि तिसऱ्यात मी इतका शहाण्यासारखा बोललो होतो की माझा मलाच राग आला. हे फाडणार नाही, कारण नाक्यावरचे कोरे कागद संपत आलेत. मधूनमधून तिवशाकडून गाड्या येतील, मला उठावं लागेल, तेव्हा कुठे धागा तुटला तर सांभाळून घे. तसाही शनिवारपासून मी एका जागी बसलेलो नाही.

आधी बातमी. शकुनचा नर्सिंगचा फॉर्म आज सकाळी देऊन आलो. सोळा वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा हवा होता, आणि मास्तरांनी तर आपल्या सगळ्याच पोरांसारखी तिचीही तारीख अंदाजानं एक जून टाकलेली, तीही वर्षभर उशिराची. म्हणून शनिवारी मी अकोल्याला तहसिलीत गेलो, कोतवाल बुकाची नक्कल काढायला. बार्शीटाकळीत कोण जन्मलं, कोण मेलं, हे नत्थुजी कोतवाल ज्या वहीत नोंदवायचे ती वही आता तिथे आहे. तू शकुनजवळ निरोप दिला होतास की नक्कल तुम्ही काढू नका, माझं मी बघते. मला वाटलं, उन्हातान्हात माझी दगदग होऊ नये म्हणून म्हणतेस. सोळा वर्षांत तू माझी एवढी काळजी कधी केली नव्हतीस, मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

इकडे सुभद्रेनं आतली खोली सारवून ठेवली आहे. लग्नातली तिची ट्रंक रिकामी करून उन्हात वाळवली, रोज विचारते की पोरगी कोणत्या तारखेला येते. आम्हाला मूलबाळ नाही हे तुला माहीत आहे. शकुन दिवाळीत चार दिवस आली तरी ही बाई शेजारीपाजारी सांगत फिरते की आमची पोरगी आली. तिला मी अजून एक शब्द सांगितलेला नाही. दोनदा ताटावरून उठलो तर म्हणाली, पोट बिघडलं असेल, ओवा खा. खाल्ला.

माझं काम तुला ठाऊक आहे. गाडीवानाचं तोंड पाहिलं की कडब्याखाली काय दडवलंय ते मला कळतं. वरुडचे संत्रेवाले म्हणतात, देवराव नाकेदाराच्या डोळ्यांसमोरून सुई जायची नाही. आणि हा शहाणा सोळा वर्षं तुझ्या दारात येत राहिला, मांडी ठोकून जेवत राहिला, आणि त्याला काही दिसलं नाही.

तहसिलीत जुनं दप्तर सांभाळणारे अब्दुल गफ्फार भला म्हातारा माणूस. त्यांनी लाल बस्ता सोडून वही काढली, एकोणपन्नास सालचा मार्च काढला. जातीच्या रकान्यात आपला जुना शब्द होता, तो बोटानं झाकत त्यांनी वाचलं, देवराव यास मुलगी, आईचं नाव जाई. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सरकारी वहीत माझं नाव आणि माझी पोर, शाईनं लिहिलेली. मग त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "पोरगी जित्ती हाय नं, देवरावजी? इथं तं नवव्या दिशी गेली म्हून लिवलं हाय."

मी भांडलो. नत्थुजींना धड लिहिता येत नव्हतं, कुणाचं तरी मरण कुणाच्या तरी नावावर टाकलं असेल, वाटेल ते बोललो. गफ्फारभाईंनी वही माझ्याकडे वळवली. त्याखाली सात-आठ ओळींवर तुझी धाकटी बहीण मनकर्णा होती. तिला मुलगी झाली, आणि चार दिवसांनी मनकर्णा गेली. पण तिच्या मुलीच्या मरणाची ओळ कुठेच नव्हती. मी एप्रिल पाहिला, मे पाहिला, डिसेंबरपर्यंत पानं उलटली. नव्हती. मनकर्णाचा नवरा तर आधीच तिला टाकून परागंदा झालेला. तुझ्या अंगावर दूध होतं आणि पोर गेली होती. तिची पोर होती आणि आई गेली होती. याहून जास्त नाकेदाराला सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा आला तो संतापच, खोटं कशाला सांगू. म्हणजे अख्ख्या वस्तीनं तोंड शिवून घेतलं होतं. संत्र्यांची करंडी खांद्यावर घेऊन मी येताना दिसलो की बाया आपसात हसत असतील. आणि नत्थुजी! ज्या माणसानं आपल्या हातानं ती ओळ लिहिली, तोच माझ्याशेजारी बसून चहा प्यायचा आणि शकुनकडे पाहून म्हणायचा, "हुबेहूब तुह्यावर गेली पोरगी." तिच्या शाळेपायी मी विडी सोडली होती, ती मला शनिवारी तहसिलीच्या दारात आठवली. वाटलं, जाईनं मला उभा लुबाडला. मी नक्कल न घेताच उठलो. गफ्फारभाईंनी मागून एवढंच विचारलं, "कोन्त्या ओळीची नक्कल देऊ, ते जेवनाच्या सुट्टीनंतर येऊन सांगा."

मग मी अकोला पालथं घातलं. मोर्णेच्या पुलापर्यंत गेलो, परत आलो, स्टेशनावर गेलो, पुन्हा पुलावर. डोक्यावर ऊन, खिशात तो फॉर्म. आणि चालता चालता तुझ्यावर जे जे रचत होतो ते सगळं एकेक करून माझ्याच अंगावर पडायला लागलं.

मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा आई म्हणाली, पोरगीच झाली ना, मग काय पळत जायचं. आणि मी पाच महिने आलो नाही. आलो तेव्हा तू दारात बसली होतीस, मांडीवर पोर. मी काही विचारलं नाही. उचलली, छातीशी धरली, रडलो आणि म्हणालो, ही माझी पोरगी, हिचं नाव शकुन. तू तोंड उघडलं होतंस, मला स्पष्ट आठवतं, आणि नेमकं तेव्हा तुझ्या आईनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. म्हणजे ही तुमची, असं तू म्हणालीच नव्हतीस. मीच म्हणालो. मनकर्णा गेल्याचं मला कळलं होतं, पण तिच्या लेकराचं काय झालं, एवढं विचारायची अक्कलही मला झाली नाही.

त्यानंतर दोनदा तुला न्यायला आलो. दोन्ही वेळा तू मान खाली घालून म्हणालीस, "मी नाई येत. काहून ते इचारू नका." मला वाटलं, माझ्या आईच्या जाचामुळे. रागानं फारकत दिली, वर्षभरात सुभद्रेशी लग्न केलं. आता कळतं, या खोट्यावर पाय ठेवून तुला माझ्या घरात यायचं नव्हतं. लुबाडणारी बाई आली असती, जाई. सुखानं आली असती.

आणि दीक्षेचा दिवस आठवतो? बडनेऱ्याला तुम्ही बार्शीटाकळीवाले भेटलात, शकुन पळत माझ्याकडे आली, म्हणून मी तुमच्यातच उभा राहिलो. नागपूरला त्या गर्दीत ती माझ्या खांद्यावर, पांढऱ्या फ्रॉकात. सगळे एका आवाजात प्रतिज्ञा म्हणत होते, तूही म्हणत होतीस. खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा आली आणि माझ्या शेजारचा आवाज बंद झाला. मी पाहिलं तर तू पदर तोंडात धरलेला. मी म्हणालो, उन्हानं घसा सुकला का, आणि तुझ्यासाठी पाणी आणायला धावलो. असा मी नाकेदार.

सुट्टीनंतर गफ्फारभाईंकडे गेलो आणि वरच्या ओळीची नक्कल मागितली. फक्त तेवढ्याच ओळीची. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून शिक्का मारला. मनकर्णाची ओळ घेतली असती तर तारीख खरी लागली असती, पण बाप म्हणून त्या पळपुट्याचं नाव आलं असतं. आज सकाळी फॉर्मवर वडिलांच्या रकान्यापुढे मी सही केली. शकुनला खरं सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तू ठरव. मनकर्णा तुझी बहीण होती. पण सांगशील तेव्हा हेही सांग की बापानं सगळं कळल्यावर सही केली.

पण हे सांगायला एवढं लांबलचक पत्र लागलं नसतं. रविवारी सकाळच्या मोटारीनं शकुनला न्यायला येतो. तिला घटकाभर मैत्रिणींकडे पाठव, आणि जिथे आपल्या पोरीला पुरलं ती जागा मला दाखव. नऊच दिवसांची, म्हणजे बारसंही झालं नसेल. वहीतही नुसतं 'मुलगी' एवढंच आहे. तू मनात तिला काही नाव ठेवलं असशील तर ते मला सांग, नसेल तर दोघं मिळून ठेवू. तू तिला एकटीनं रडून घेतलंस, सोळा वर्षं झाली. माझी पोर परवा गेली, शनिवारी, आणि मला अजून कुणाजवळ रडता आलेलं नाही.

तुझाच,
देवराव