स्टेजखालची शाल

वेलचेरी, शुक्रवार संध्याकाळ

शिसारी आलीय.

आज आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. तिसऱ्या वर्षाची माझी विद्यार्थिनी कयल व्हीलचेअरवर असते. तीन महिने व्हायोलिनवर एकच रचना घोटत होती. स्टेजवर चढायला पायऱ्याच, म्हणून तिचं वादन रद्द. फळ्या टाकून उतार करता आला असता, पण म्हणे फुलांची आरास बिघडते! आणि वर तिचाच सत्कार. इथे दक्षिणेत उठसूट जरीची शाल पांघरतात, तशी पाहुण्यांनी खाली उतरून तिला पांघरली. प्राचार्य माइकवर म्हणाले, "ही आमची प्रेरणा." कसली डोंबलाची प्रेरणा? पाच मिनिटं वाजवू दिलं नाहीत!

ती शाल सारखी घसरत होती. फोटोवाला दर फोटोआधी येऊन ती सारखी करत होता.

कार्यक्रम संपल्यावर कयलने शालीची घडी करून माझ्या हातात दिली. "मॅम, ही तुम्हीच ठेवा. कार्यक्रमातून माझं नाव वगळलं त्या कागदावर तुमची सही होती ना?"

घाईत न वाचता केली गं, मी म्हणाले.

खोटं. वाचून केली होती.