वळणावरचा रेटा

आबा, आज रविवार आहे. वर्कशॉप बंद आहे आणि तरीही मी टेबलाशी बसून एका लॉरीच्या पुढच्या चाकाचं गणित करतो आहे. कंटाळा आलाय खरं तर. चाकावर वजन किती उतरतं ते मांडायचं, वळणावर चाक आडवं किती रेटलं जातं ते काढायचं, त्या रेट्याला कॅटलॉगातल्या आकड्याने गुणून वजनात मिळवायचं आणि मग बॉल-बेअरिंग निवडायचं. एवढंच काम. ते मला त्या वर्षी जमलं असतं तर तुमचे हात शेवटपर्यंत चाकांवर राहिले असते.

मी मुंबईहून डिप्लोमा घेऊन आलो तेव्हा तुम्ही मोटार सर्व्हिसचे मिस्त्री होता. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या प्रत्येक गाडीची चाकं तुमच्या हातची. सर्व्हिसच्या मालकांनी मलाही नोकरीला घेऊन बेअरिंगं निवडायचं काम माझ्याकडे दिलं आणि मला शिंगं फुटली. आंब्याचा हंगाम, लॉरी पेट्यांनी गच्च. मी कॅटलॉगातला वजनाचा रकाना पाहिला आणि बेअरिंग मागवलं. तुम्ही ते बोटांवर फिरवलंत आणि विचारलंत, "वजनाचा झाला. घाटातल्या वळनांचा काय?" मी म्हणालो, वजन ते वजन, वळणावर ते काही वाढत नाही. तुम्ही मुकाट्याने बसवलंत. मुलगा शिकून आलाय, तो सांगतो म्हणजे बरोबरच असणार, हा तुमचा खुळा भरवसा.

चौथ्या फेरीला आंबा घाटात चाक जाम झालं. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून माणसं वाचली, पेट्या रस्ताभर फुटल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही बेअरिंगची फुटकी कडी घेऊन घरी आलात. मी स्वयंपाकघरात जेवतोय, आई भात वाढतेय. तुम्ही मागच्या दारी कडी रॉकेलने धुता, धोतराच्या सोग्याला पुसता आणि माझ्यासमोर उजेडात धरता. बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या, छर्रे, जिथून धावतात ती चकचकीत वाट मधोमध नाही, एका कडेवर चढलेली आहे. "वजन खाली दाबतंय, पन वळनावर गाडी छऱ्यांना भायेर ढकलतेय. बघ," एवढंच म्हणालात. रागावला असतात तर बरं झालं असतं. आडव्या रेट्याची ओळ कॅटलॉगात होती, रकान्याच्या खालीच, बारीक अक्षरात. मी ती वाचलीच नव्हती.

संध्याकाळी मालकांनी दोघांना बोलावलं. माझी नोकरी जाणार हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "बसवताना माझाच हात चुकला." मी गप्प राहिलो. त्यानंतर मालकांनी तुम्हाला चाकाला हात लावू दिला नाही. चार वर्षं तुम्ही गाड्यांत पाणी आणि पेट्रोल भरलंत, आणि गेलात. तुमची जागा पुढे मलाच मिळाली.

तेव्हापासून रेटा हिशेबात धरल्याशिवाय मी एकही बेअरिंग निवडलेलं नाही. त्याने तुमचं गेलेलं नाव काही परत येत नाही, हे मला कळतं. हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी माझ्याने टाकवलं नसतं. काल मालक एका नव्या ड्रायव्हरला तो घाटातला प्रसंग सांगत होते. ह्याच्याच वडलांचा हात चुकला होता, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मालक आता थकलेत, माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही, नोकरी जायची भीती उरलेली नाही. तरी मी मान डोलावली, आबा.