व्हर्नियरवर घेतलेला आळ

अंकल, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक मी हे मराठीत लिहिते आहे. हे पाठवायला पत्ताही नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीला पुण्याला गेलो आणि परत आलो, तर तुमच्या दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. बाबा जिन्यात चपला काढता काढता म्हणाले, "गेले गं ते." तुम्हाला कुठे पुरलं, हे मी कधी विचारलं नाही. आज शनिवार आहे. मुलगी क्लासला गेली आहे आणि नवरा कुणाच्या तरी ओळखीने जबल अलीला एका वेअरहाउसच्या मॅनेजरला भेटायला गेला आहे. त्याची नोकरी गेल्यापासून आम्ही तिघंही इथे दुबईत माझ्याच नोकरीच्या व्हिसावर आहोत. याबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण सकाळी मी ऑफिसची बॅग उचलली की दोघंही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतात, असं मला वाटतं. कदाचित बघत नसतीलही.

करामा भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये तुम्ही तळमजल्यावर राहायचात आणि आम्ही वर. बाबांच्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही इटलीहून मशिनं बसवायला आलात आणि इथलेच होऊन गेलात. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची, आणि शुक्रवारी सकाळी मी गणितं घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात यायची. आई माझ्याबरोबर थालीपीठ पाठवायची. ते तुम्ही काट्या-सुरीने कापून खायचात आणि जिन्यातून वर ओरडायचात, "मॅडम, ये पिझ्झा हमारे गाव से चोरी किया!" आई वरून म्हणायची, "त्यांना सांग, चोरी केली असती तर चीजपण आणलं असतं." असल्याच एका शुक्रवारी चमचा शोधताना मला खणात ते मेडल सापडलं. काट्यांच्या आणि बाटली उघडायच्या चावीच्या मध्ये पडलेलं होतं.

मी बारा वर्षांची आहे, ओट्याला टेकून उभी आहे, आणि तुम्ही कॉफीच्या त्या लहानशा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याकडे बघत बोलता आहात. दुसऱ्या महायुद्धात तुम्ही फायटर विमान चालवायचात. खाली वाळवंट, विमानाला वर काच नाही, दातांत वाळू. एका माणसाचं विमान पाडलंत, त्याबद्दल ते मेडल. "मैं गोल घूमा," तुम्ही म्हणालात. "पॅराशूट खुलेगा, फिर जाऊंगा. नहीं खुला. पेट्रोल खतम हो रहा था." मग पुढची, इटलीत परतल्यावरच्या एका संध्याकाळची गोष्ट सांगितलीत. रेडिओवर सांगितलं, की तुमच्या देशाने शरणागती पत्करली आहे. कालपर्यंत शेजारी बसून जेवणारे जर्मन आता शत्रू झाले होते. सकाळी तुमच्या मेकॅनिकने नेहमीसारखं पेट्रोल भरलं, पंखावर थाप मारली आणि पहिल्यांदाच तुम्हाला विचारलं, "कहाँ, सर?" कुणी उत्तरेला जर्मनांकडे गेले, कुणी गणवेश काढून पायी घरी गेले. तुम्ही दक्षिणेला उडालात, ज्यांच्याशी लढत होतात त्यांच्या बाजूला. "पहली बार सोच के उड़ा," असं म्हणालात.

मी विचारलं, "अंकल, रेडिओने सांगितलंच नसतं तर? तसेच लढत राहिला असतात?"

तुम्ही खण इतक्या जोरात बंद केलात की आतले चमचे बराच वेळ वाजत राहिले. "घर जा. आज मॅथ्स नहीं." मी जिन्यात बसून रडले. आपण काय वाईट बोललो, हे मला कळलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी तुम्ही माझ्या हातात तुमचा व्हर्नियर कॅलिपर ठेवलात, केसाएवढा फरक मोजणारा. "सवाल तू ठीक पूछती है. अब नापना सीख." उत्तर मात्र दिलं नाहीत. पुन्हा विचारायचं धाडस मलाही झालं नाही.

नापायला शिकले, अंकल. आता दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत क्वालिटी बघते. आम्ही एक धातूचं ब्रॅकेट बनवतो, शेतात औषध फवारणाऱ्या ड्रोनसाठी. निदान ऑर्डर आली तेव्हा तसंच सांगितलं होतं. माझी सही झाल्याशिवाय माल निघत नाही. गेल्या आठवड्यात कँटीनच्या टीव्हीवर ड्रोनच्या हल्ल्यात पडलेल्या कुठल्याशा बाजाराचे ढिगारे दाखवत होते. एका माणसाने राखेतून एक तुकडा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. तीन भोकं, चौथं जरा लांबट आणि कडेला. आमचं ते ब्रॅकेट मी माझ्या मुलीचा कान ओळखावा तसं ओळखलं. मग मनात म्हटलं, त्याच ड्रॉइंगवरून आणखी दहा ठिकाणी बनत असेल. मग वाटलं, हे आपण स्वतःला किती चटकन सांगितलं!

आमचे मॅनेजर पुण्याचेच आहेत, माणूस वाईट नाही. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अहो मॅडम, उद्या कुणी तव्याने कुणाचं डोकं फोडलं तर तवेवाल्याला धरणार का? यल्ला, चला, सही करा, खलास." घरी मी आडून आडून मुलीला विचारलं, की काम चुकीचं आहे असं वाटलं तर माणसाने काय करावं. कानातले इअरफोन न काढताच ती म्हणाली, "मम्मा, इफ इट्स राँग, डोन्ट डू इट. सिंपल." मग मिनिटभराने इअरफोन काढून तिने विचारलं, "बट आय गेट टू फिनिश ट्वेल्थ हिअर, राइट?" मी म्हटलं, "हो गं, इन्शाल्ला." तिला हसू आलं. मला आलं नाही.

काल माल तयार होता. मी तुमचा व्हर्नियर काढला आणि मोजत बसले. एखादं ब्रॅकेट तरी चुकीचं निघावं, म्हणजे मला धीट व्हावं लागणार नाही, नुसतं प्रामाणिक राहून भागेल. सगळी बरोबर भरली. पुन्हा मोजली, पुन्हा बरोबर. मग मी मॅनेजरना जाऊन सांगितलं, की माझ्या व्हर्नियरचं माप आणि मशिनचं माप जुळत नाही. असं झालं की दोन्ही तपासून येईपर्यंत माल अडकवायचा, असा आमचा नियम आहे. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "त्या म्युझियममधल्या वस्तूपायी?" पण नियम त्यांनाही मोडता येईना. तुमचा व्हर्नियर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चिठ्ठी लावून लॅबला गेला.

मापं जुळत होती, अंकल, तंतोतंत. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही फसवलं नाही आणि मी त्याच्यावर आळ घेतला, का तर तीन-चार दिवस मिळावेत. मंगळवारी तो परत येईल. मग मॅनेजर पेन पुढे करतील. तुम्हाला निदान मेकॅनिकने विचारलं होतं, कुठे म्हणून. मला कुणीच विचारणार नाही. आणि रेडिओने सांगितलं नसतं तर, असं मला म्हणता येत नाही. मला तर सांगितलं गेलं आहे, ताटांच्या खडखडाटात, भर दुपारी. तरी मी या टेबलाशी बसून विचारच करते आहे, आणि मेडलसाठी तुमच्यावर मनातल्या मनात रागावलेली ती बारा वर्षांची मुलगी समोर उभी राहून माझ्याकडे बघते आहे.

आज सकाळी देवापुढे दिवा लावताना मी नोकरी टिकू दे म्हटलं नाही. हिंमत दे, असंही म्हटलं नाही. तुमच्या व्हर्नियरमध्ये खरंच काहीतरी खोट सापडू दे, एवढंच मागितलं.